बेण्याचे डोळे

मृगाच्या आधीचे दिवस. मंचरच्या बाजार समितीत जालंधरकडचे ट्रक उभे असतात आणि हमालांच्या पाठीवरून बटाट्याच्या गोण्या उतरत असतात. गिऱ्हाईक थप्पीजवळ येतं, गोणीच्या तोंडाची शिवण बोटभर उसवतं, आत हात घालून खालचे चार बटाटे वर काढतं. वरचे बटाटे कुणीच बघत नाही, ते दाखवायचेच असतात. मग नखाने साल खरवडायची, अंगठ्याने दाबायचं, कोंबाचं टोक काळं पडलंय का ते बघायचं आणि शेवटी बटाटा नाकाशी न्यायचा. कुजका वास लपत नाही.

व्यवहार ठरला की पावती फाटते. पावतीवर लिहिलेलं असतं ‘बटाटा बियाणे’. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी येते तीही बटाटा बियाण्याच्या आवकेची. पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, पठारावरून आलेल्या मावशी पावती कनवटीला लावत म्हणाल्या ते असं, “बेणं बरं दिसतंय औंदा.”

एकाच गोणीला दोन नावं. कागदावर बियाणं, तोंडात बेणं. मी मंचरला गेलो होतो बटाट्याच्या भावाची बातमी करायला आणि अडकलो या दोन शब्दांत.

वरवर पाहिलं तर उत्तर सोपं आहे. बी म्हणजे फुलातून, फळातून आलेलं. त्यात दोन झाडांचा संसार असतो. निदान एका झाडाच्या दोन अंगांचा. बेणं म्हणजे झाडाच्याच देहाचा तुकडा, जो मातीत पुरला की पुन्हा तेच झाड होतो. उसाचं कांडं, आल्या-हळदीचा कंद, लसणाची पाकळी, बटाट्याची फोड. ज्वारीचं बेणं कुणी म्हणणार नाही आणि उसाचं बी म्हणणाऱ्याला जुन्नरमध्ये लोक पाहुणा समजतील. शाळेतल्या पुस्तकात याला शाकीय पुनरुत्पादन म्हणतात. हा शब्द पाठ करूनही बेणं म्हणजे काय ते कळत नाही, ही गोष्ट वेगळी.

ते कळतं सातगाव पठारावर, जूनच्या अखेरीला. आंबेगाव तालुक्याच्या दक्षिण अंगाला पेठ, कुरवंडी, कोल्हारवाडी, भावडी, थुगाव अशी ही गावं. पाण्याला पावसाचाच आधार, जमीन हलकी, निचऱ्याची, आणि म्हणूनच पावसाळ्यात बटाटा घ्यायची इथली रीत. बाकी महाराष्ट्रात बटाटा म्हटलं की हिवाळा आठवतो. इथे तो पोळ्याच्या पुढेमागे निघायला लागतो. लागवडीच्या दोन-तीन दिवस आधी पडवीत गोणपाट अंथरून बायका बेणं कापायला बसतात. मंचरला भेटलेल्या मावशींनी मलाही बसवलं आणि हातात सुरी दिली.

मी पहिला बटाटा आडवा कापला. मावशींनी दोन्ही फोडी माझ्या हातातून काढून घेतल्या आणि निराळ्या टोपलीत टाकल्या. ती टोपली संध्याकाळच्या भाजीची होती.

बटाट्याला एक बेंबी असते. वेलीला तो जिथे जोडलेला होता ती खळी. तिच्या समोरच्या टोकाला डोळ्यांची दाटी असते. आडवा काप घेतला तर एका फोडीला सगळे डोळे येतात आणि दुसरी जवळजवळ आंधळी राहते. म्हणून सुरी शेंड्याकडून बेंबीकडे उभी चालवायची, म्हणजे शेंड्याचे डोळे दोन्ही वाट्यांना येतात. प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे हवेत आणि कोंब जगेल एवढा गर हवा. मध्येच एखादा बटाटा आतून तपकिरी कडं दाखवतो. तो फेकायचा आणि सुरी औषधाच्या पाण्यात बुडवूनच पुढचा घ्यायचा, नाहीतर त्या एकाचं दुखणं पुढच्या पन्नासांना जातं. कापलेल्या फोडी पिवळट भुकटीत घोळवून सावलीत पसरतात. एका रात्रीत कापाच्या तोंडावर कोरडी खपली धरते. एकराला सहा ते आठ क्विंटल बेणं लागतं, तेव्हा ही कापाकापी दिवसभर चालते.

न कापता अख्खा बटाटा लावला तर शेंड्याचा डोळा आधी उठतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो. कापला की दबलेले डोळे जागे होतात. उसाचंही हेच. अख्खा ऊस सरीत आडवा टाकला तर शेंड्याकडचे डोळे फुटतात, मधले झोपून राहतात, म्हणून त्याच्या टिपऱ्या करायच्या. बी फोडलं तर मरतं. बेणं तोडल्याशिवाय नीट फुटत नाही. दोन शब्दांतला फरक मला विचाराल तर मी आधी हाच सांगेन.

भाषेने या दोघांना फार वेगळं वागवलं आहे. ‘बीज’ संस्कृतातून आलं आणि मोठ्या घरी गेलं. बीजगणित झालं, बीजमंत्र झालं, संमेलनात बीजभाषण झालं. बेणं बांधावरच राहिलं. दरवर्षी तेच ते भाषण करणाऱ्या काही वक्त्यांसाठी ‘बेणेभाषण’ असा शब्द काढायला खरं तर हरकत नाही, पण अजून कुणी काढलेला दिसत नाही. बेण्याच्या वाट्याला आली ती शिवी, तीही निम्मी कौतुकाची. ‘लई इरसाल बेणं आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा बरोबर काय म्हणत असतो? पोरगं बापाचीच फोड आहे, तेच डोळे, तोच गुण, मातीत टाका नाहीतर फरशीवर, उगवायचं तेच उगवणार. म्हणूनच ‘इरसाल बी’ म्हणून चालत नाही. बियाबद्दल एवढी खात्री देता येत नाही. त्यात कोण कुठला पणजोबा डोकं वर काढील ते सांगता येत नाही. शिवी देणाऱ्याने वनस्पतिशास्त्र शिकलेलं नसतं, पण शब्द अचूक उचललेला असतो. (कोकणात ‘बेणणी’ म्हणजे तण काढणं. आमच्याकडे त्याला खुरपणी म्हणतात. कोकणातल्या एका मित्राने ‘बाग बेणून घेतली’ असं कळवलं तेव्हा मी त्याला काय लावलंस असं विचारून हसं करून घेतलं होतं.)

मंचरहून पुण्याच्या बाजूला निघालं की आंबेगावची हद्द संपून खेड तालुका लागतो. तिथे राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. 1994 साली नाशिकला सुरू झालेलं हे केंद्र 1998 मध्ये इथे आलं. एकाच छपराखाली दोन भावंडं, एक बियाचं आणि एक बेण्याचं. कांद्याचं काळं बी असतं. ते गादीवाफ्यावर टाकायचं, रोप करायचं, मग पुनर्लागण. बी हवं असेल तर निवडून ठेवलेले कांदे हिवाळ्यात पुन्हा लावायचे. त्यांना गोट म्हणतात. गोटाला डेंगळे येतात, डेंगळ्यावर फुलांचा गेंद, त्यात मधमाश्या आणि त्यातून बी. म्हणजे कांदा जमिनीत पुरूनही तो बेणं होत नाही. त्याचं काम बी देऊन मोकळं होणं. लसणाचं उलट. लागवडीच्या लसणाला उगवेल असं बी धरतच नाही. माणसाने हजारो वर्षं पाकळ्याच लावल्या आणि लसूण बी धरायचं विसरला. 1980 च्या दशकात मध्य आशियातून बी धरणारे लसूण मिळाले, तोवर जगभर लसणाचं नवं वाण म्हणजे आहे त्यातून निवडलेलं वाण. कांद्यात शास्त्रज्ञ लग्न लावू शकतो. लसणात त्याला निवड करत बसावं लागतं.

उसाची गोष्ट माझ्या घरची आहे. आजोळ जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या कालव्याखाली. मामाची चार एकर जमीन, त्यात ऊस. एका वर्षी मामाने घाईत ओळखीच्या एकाकडून बेणं आणलं. तो म्हणाला, दहा महिन्यांचं लागणीचं आहे. ऊस जाड, पेरी लांब, मामा भुलला. लागण उगवलीही झकास. चौथ्या महिन्यात मात्र शेतात जागोजाग गवताचे झुबके दिसू लागले. बारीक, पांढुरके, दाट फुटवे, ज्यांचा ऊस कधी होणारच नव्हता. त्याला गवताळ वाढ म्हणतात. रोग मातीत नव्हता, पाण्यात नव्हता. टिपरीच्या आतून आला होता. मामा बांधावर उकिडवा बसून म्हणाला, “पोरा, बी आजारी असलं तर उगवत नाय. बेणं आजारी असलं तरी उगवतं.” मामाने पुढे तो फड मोडला आणि वर्ष गेलं. तो ऊस खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला होता हे गावभर झालं, पण ज्याने दिला तो आजही गावजेवणात मामाच्या पंगतीला बसतो.

त्या एका वाक्यात उसाच्या बेण्याचं अख्खं शास्त्र आहे. बियातून बहुतेक विषाणू पुढच्या पिढीत जात नाहीत. झाड मरतं आणि दुखणं बरंचसं त्याच्याबरोबर जातं. बेण्याला मरण नाही, म्हणून दुखण्यालाही नाही. यावर उपाय म्हणून बेणं उष्ण बाष्पाच्या पेटीत 54 अंशांवर अडीच तास ठेवायचं, किंवा ऊतिसंवर्धनाची रोपं आणून त्यांपासून मूलभूत बेणं, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित असं तीन पायऱ्यांनी वाढवायचं. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र वर्षानुवर्षं सांगतात की बेणेमळा वेगळा ठेवा, बेणं नऊ ते अकरा महिन्यांचं घ्या, खोडव्याचं घेऊ नका, तीन वर्षांनी बदला. इकडे विघ्नहर आणि तिकडे पारगावचा भीमाशंकर, अशा दोन कारखान्यांच्या पट्ट्यात हे सगळ्यांना पाठ आहे. तरी ऐन लागणीत शेजारच्याचा ऊस डोळ्यांत भरतो. बेणेमळ्यात पाण्याला जायचं ते हातात बॅटरी आणि काठी घेऊन, हे निराळंच. बिबट्याला लागण आणि खोडवा यातला फरक कळत नाही, त्याला दाट पाचट पुरतं.

आणि तरीही ऊस निव्वळ बेण्याचा नाही. हिवाळ्यात उसाला तुरा येतो तेव्हा शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण तुरा आला की वाढ थांबते. त्या तुऱ्यात मात्र बी असतं, धुळीएवढं, लवेला चिकटलेलं. उसाचं बी उगवतं ही गोष्ट बार्बाडोस बेटावर 1858 मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली, आणि जावा नि बार्बाडोसमध्ये 1888 च्या सुमारास तिच्यावर नीट काम सुरू झालं. तोवर उसाला बी नसतंच असं जाणकारही धरून चालले होते. आपल्याकडे कोईमतूरला 1912 मध्ये ऊस पैदास संस्था निघाली. तिथे बार्बर आणि टी. एस. वेंकटरमण यांनी जाड ऊस आणि नदीकाठचं रानटी गवत यांचा संकर केला आणि 1918 मध्ये को 205 हा वाण बाहेर पडला. आज कुकडीच्या कालव्याखाली उभा असलेला को 86032 त्याच कोईमतूरचा. 1996 मध्ये महाराष्ट्रात त्याची शिफारस झाली. कोल्हापूरपासून जुन्नरपर्यंत या वाणाचे जेवढे ऊस उभे आहेत ते सगळे कोईमतूरच्या कुंडीत उगवलेल्या एकाच बियाची कांडी आहेत. एक बी, एकदाच. नंतर सगळं बेणं.

बटाट्याचंही तसंच आहे, फक्त त्याचं गाव दूर. पठारावर पांढरी फुलं दिसतात, फळ क्वचित. धरलंच तर हिरव्या गोळीएवढं, कच्च्या टोमॅटोसारखं, खायला विषारी. एका फळात दीडशे-दोनशे बिया. या बियांपासून बटाटा करायचे प्रयोग झाले. हेक्टरी दोन-अडीच टन बेणं लागतं तिथे हे बी शंभर-दीडशे ग्रॅम पुरतं. त्रिपुरासारख्या आडबाजूच्या राज्याने ते मनावर घेतलं, कारण तिथवर बेण्याच्या गोण्या नेणंच परवडत नव्हतं. मात्र बियापासूनचं झाड नाजूक, आधी रोप करा, मग लावा, आणि पहिल्या वर्षी बटाटा सगळा एकसारखा निघेल याचा भरवसा नाही.

तेव्हा बेणं पंजाबातूनच येतं. का, याचं उत्तर माव्यात आहे. बटाट्याचे विषाणू मावा पसरवतो. पूर्वी निरोगी बेणं डोंगरातच होतं असं मानत, कारण थंडीत मावा नसतो. 1950 च्या दशकात केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या डॉ. पुष्करनाथ यांनी दाखवलं की उत्तरेच्या मैदानातही ऑक्टोबर ते डिसेंबर हे माव्याचे मंदीचे दिवस आहेत. तेवढ्यात पीक उरकायचं. शंभर पानांमागे मावा विसावर जायच्या आत वरचा पाला कापून टाकायचा, म्हणजे रोग खाली बटाट्यात उतरत नाही. मग शीतगृह, मग ट्रक, मग मंचर. पठारावरच्या पावसात, उबेत, माव्यात वाढलेला बटाटा घरचं बेणं म्हणून दोन-तीन वर्षं धरला की झाडं खुरटतात. त्याला बेणं उतरलं म्हणतात.

उतरलेल्या बेण्यापेक्षा भयंकर गोष्ट म्हणजे न उतरलेलं, पण सगळीकडे एकच असलेलं बेणं. आयर्लंडने 1845 साली ते भोगलं. गरिबांच्या शेतात एकाच वाणाचा बटाटा होता, म्हणजे बेटभर पसरलेलं एकच झाड. करपा आला तेव्हा त्याला एकच कुलूप फोडावं लागलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगाने गेली. तोच उशिराचा करपा श्रावणातल्या झडीत पठारावर येतो. 1968 चा कुफरी ज्योती हा त्या करप्याला दाद न देणारा म्हणून काढलेला वाण. करपा मात्र नवनवी रूपं घेत राहिला. ज्योती बेण्याच्या चालीची, जिथे होती तिथेच राहिली.

आता पावतीवरच्या शब्दाकडे येतो. 1966 च्या बियाणे कायद्याने हा भेद मिटवून टाकला आहे. त्याच्या व्याख्येत रोपं, कंद, मुळं, छाट, कलमं सगळं ‘बियाणं’. कायद्याला शब्द एकच हवा असतो. पण मला वाटतं पठारावर बियाणं हा शब्द कायद्याने आला नाही, गोणीबरोबर आला. जे शेजाऱ्याकडून, भावकीकडून, घरच्या फडातून येतं ते बेणं. जे पैसे मोजून, शिक्का बघून, परमुलखातून येतं ते बियाणं. उसाला अजून कुणी बियाणं म्हणत नाही, कारण ऊस अजून बांधावरून येतो. बटाटा बाजारातून येतो, म्हणून त्याचं नाव सरकतंय. मावशींच्या तोंडी बेणं आहे. त्यांचा मुलगा फोनवर भाव विचारतो तो बियाण्याचा.

यात मालकीचा प्रश्न आहे. संकरित टोमॅटोचं बी आपलं कुलूप आपणच घेऊन येतं. त्याच्या फळातलं बी धरलं तर पुढचं पीक विस्कटतं, म्हणून शेतकरी दर हंगामाला दुकानात जातो. बेण्याला असं कुलूप नाही. एक बटाटा खिशात घातला की अख्खं वाण खिशात. म्हणून तिथे कुलूप कायद्याला लावावं लागतं. 2019 मध्ये पेप्सिकोने वेफर्सच्या आपल्या नोंदणीकृत वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर खटले भरले, काहींवर कोटी-कोटीच्या भरपाईचे. गदारोळ झाल्यावर मे महिन्यात मागे घेतले. 2021 च्या डिसेंबरात वाणांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली आणि 2024 च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती रद्द करण्याचा निर्णय फिरवला. वाणांच्या हक्कांविषयीच्या 2001 च्या कायद्यात शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचा हक्क आहे; ब्रँडच्या नावाने विकायचा तेवढा नाही. वेफर्ससाठी करारावर बटाटा सातगाव पठारावरही होतो, तेव्हा ही दूरची गोष्ट नव्हे.

परतताना नारायणगावात एका रोपवाटिकेत शिरलो. टोमॅटोचा बाजार इथला मोठा, त्यामुळे महामार्गालगत हिरव्या जाळीची शेडं रांगेने उभी. जुन्नर तालुक्याला हा धंदा नवा नाही. मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झालेला डॉ. अलेक्झांडर गिब्सन दापोडीची सरकारी बाग सांभाळत असे, आणि त्याने याच तालुक्यातल्या हिवऱ्यात दुसरी बाग चालवली होती. आजच्या शेडात मात्र ग्रॅमवर मोजलेलं बी येतं. दहा ग्रॅमच्या पाकिटात साधारण तीन हजार बिया. एक मुलगी चिमटीने कोकोपीटच्या खणात एकेक बी सोडत होती, बघताना माझीच मान अवघडली. शेतकरी बी बघतच नाही, तो थेट रोपं नेतो. ‘बी कुठलं टाकलंय’ एवढं तेवढं विचारतो. द्राक्षवाल्याचं गणित आणखी निराळं; खाली डॉगरीजचा खुंट आणि वर जंबोची काडी, त्याला बीही नको आणि बेणंही.

शेडाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या खणांचे ट्रे होते. त्यांत उसाची रोपं. कांडं अख्खं न लावता डोळ्यापुरता तुकडा काढायचा, प्रक्रिया करायची, ट्रेमध्ये उगवायचा. एकरी दहा-बारा हजार टिपऱ्या लागायच्या, तिथे आता साडेचार ते सहा हजार रोपांत भागतं. एका बाजूला बियाचा टोमॅटो, दुसऱ्या बाजूला बेण्याचा ऊस, दोन्हींवर एकाच झारीचं पाणी पडत होतं. दोन्हींचं नाव रोप, दोन्हींचा भाव नगावर.

मी मालकाला विचारलं, याला बेणं म्हणायचं का? तो जरा थांबला. मग ट्रेच्या कोपऱ्यातलं एक रोप त्याने मुळांसकट उचललं, कोकोपीट झाडलं आणि माझ्यासमोर धरलं. तीन बोटं उंचीची पाती, पांढऱ्या मुळ्यांची जाळी, आणि मधोमध सुपारीएवढा उसाचा तुकडा, काळपट, सुरकुतलेला, अजून गळून न पडलेला.

“हे बघा,” तो म्हणाला, “ह्यो तुकडा बेणं. वरचं रोप.” आणि ते पुन्हा खणात दाबून बसवलं.